डॉक्टर नसलेल्या निकुरे बाई

आमच्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजात डॉक्टरेट नसलेलं माणूस आता दिवा घेऊन शोधावं लागतं. भूगोलात डॉक्टर आहेत, मराठीत आहेत, खेळाच्या सरांनीसुद्धा कबड्डीतल्या पकडींवर प्रबंध लिहून टाकला आहे. मी वाणिज्य शिकवतो, आणि मीही डॉक्टर आहे. घराच्या पाटीवर तसं ठळक लिहून घेतलेलं आहे. आमच्यातल्या निम्म्याअधिक लोकांना ज्यांनी संशोधन लिहायला शिकवलं, त्या समाजशास्त्राच्या निकुरे बाई मात्र निवृत्त होईपर्यंत नुसत्या 'प्रा.' राहिल्या. प्रबंध लिहून झालेला असताना राहिल्या. त्याची हकिगत पुढे येईलच, पण ती सांगताना मला अजूनही थोडा राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

बाई वैनगंगेकाठच्या एका खेड्यातल्या. उंचीने बेताच्या, आवाजाने नाही. व्याख्यानात पुस्तकी मराठी बोलत आणि वर्गाबाहेर पाय पडला की थेट घरची बोली. हातात भाजीची नायलॉनची पिशवी असे, आणि तिच्यात पाण्याची बाटली, चष्मा आणि शिंप्याकडे असते तशी एक मोठी कात्री. त्यांचे यजमान बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात होते आणि सुटीला घरी येत. ते म्हणायचे, "आमी तिथी रातपाळी करून कागद काढतो, अना हे बाई इथी बसून थो कापते."

ही कात्री चालायची शनिवारी दुपारी, ग्रंथालयामागच्या खोलीत. त्या वर्गाला नाव नव्हतं, मान्यता नव्हती, फी नव्हती, त्यामुळे तो बरीच वर्षं चालला. आमचे प्राध्यापक यायचे, आसपासच्या तालुक्यांतले शिक्षक यायचे, गडचिरोलीकडून एसटीने विद्यार्थी यायचे. ज्ञानाची ओढ होती असं मी म्हणणार नाही. बढतीला पेपर लागतात, पेपरला परिसंवाद लागतो आणि परिसंवादाला बुंदी लागते. बुंदीची सोय कॉलेज करायचं. पेपर मात्र ज्याचा त्यालाच लिहावा लागे, आणि घोडं तिथंच पेंड खायचं.

बाईंची पद्धत साधी होती. तुम्ही आपला पेपर मोठ्याने वाचायचा. दर वाक्याला बाई विचारणार, "हे कोनं पायलं?" मी स्वतः पाहिलं म्हणालात तर पुढचा प्रश्न, "कुठी? कवा?" पुस्तकात आहे म्हणालात तर, "मंग पुस्तकाचं नाव लिव." आणि "हे तर सगळ्यांनाच माहीत आहे, बाई," असं म्हणालात की कात्री चालली. वाक्याची पट्टी कापून त्या तुमच्याच हातात देत. "फेकू नोको. चांगलं वाक्य हाये. लग्नपत्रिकेत कामी येईन."

माझा पहिला पेपर ब्रह्मपुरीहून सुटणाऱ्या काळी-पिवळी जीपच्या अर्थकारणावर होता. पहिलं वाक्य, 'प्राचीन काळापासून मानव प्रवास करीत आला आहे.'

"तवा तुमी होते का, राऊतभाऊ?"

वाक्य गेलं. पुढे मी लिहिलं होतं की ह्या सेवेबाबत प्रवासी समाधानी आहेत.

"तुमी पुसलं त्याईले?"

"बाई, जीप खच्चून भरलेली असते."

"दुसरी गाडीच नाई तं मानूस काय करन? टपावर बसलेला बी समाधानीच हाये मंग."

तासाभरात माझ्या पेपरातून शीर्षक आणि माझं नाव एवढंच शिल्लक राहिलं. पट्ट्या सदऱ्याच्या खिशात कोंबून मी घरी आलो. धुवायला टाकताना बायकोच्या हाती त्यातली एक लागली. 'तिच्याशिवाय जीवनाची कल्पनाच करता येत नाही.' ती म्हणजे जीप, हे पटवून देईपर्यंत बरेच दिवस घरात वरण आळणी झालं. पण पुढे मी खरोखरच जीपमध्ये बसून हिंडलो, चालकांच्या शेजारी बसून डिझेलचा हिशेब ऐकला, ज्या बाया उतरल्यावर कंबर धरून उभ्या राहतात त्यांना विचारलं. त्यातून माझा प्रबंध झाला. तो फार मोठा आहे असं नाही, पण त्यातलं वाक्य न् वाक्य माझं आहे, आणि ते बाईंमुळे आहे.

बाईंचा दुसरा नियम पहिल्याहून जाचक होता. पेपर ज्या गावावर लिहिला, त्या गावात जाऊन तो वाचून दाखवायचा. विद्यापीठाला नंतर द्या, आधी गावाला. "ज्याच्या घरचं लिवलं त्याले तं आयकू द्या," हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या भागातल्या कित्येक पारांवर, समाजमंदिरांत आणि पानठेल्यांसमोर सामाजिक शास्त्रांचं वाचन झालेलं आहे. लोक निमूटपणे ऐकायचे. आमच्याकडे मास्तरचा मान मोठा. तो उन्हात बडबडायला लागला तर त्याला सावलीत बसवतात, पाणी देतात, मध्येच अडवत नाहीत.

ह्या नियमाखाली चापले सर सापडले. चापले सर बाईंच्याच विभागातले, बाईंना ज्युनिअर पण डॉक्टरेट झालेले, हसतमुख आणि कुणाच्याही उपयोगी पडणारे. बढतीची मुदत जवळ आली होती, म्हणून त्यांनी नाशिककडचा कुठला तरी लेख घेतला आणि संगणकाला सांगून त्यातल्या तालुक्याच्या नावाच्या जागी सगळीकडे गोंडपिपरी घालून घेतलं. संगणकाने सांगितलं तेवढं केलं. पेपराचं नाव झालं, 'गोंडपिपरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदार महिलांच्या समस्या'.

बाईंनी तो वर्गात वाचला आणि नवल म्हणजे कात्री काढलीच नाही. फक्त म्हणाल्या, "चला, गावात वाचू." मीही बरोबर गेलो, कारण असा योग पुन्हा येत नाही. धान, कापूस आणि सोयाबीनचं गाव. पंचवीसेक माणसं पिंपळाखाली जमली. चापले सरांनी वाचायला घेतलं. निर्यातक्षम द्राक्षांचे घड, बेदाणा शेड, छाटणीच्या हंगामात महिलांना होणारा त्रास. मला हसू आवरेना. आता कुणीतरी उठणार, म्हणून मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

कुणी उठलं नाही. सर थांबले तेव्हा एक म्हातारेबुवा गंभीरपणे म्हणाले, "बराबर हाये सर. लय तरास हाये बायायले."

बाईंनी विचारलं, "बाबाजी, तुमच्या गावात द्राक्षं हायेत?"

बुवांनी सरांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि दोघांचाही मान राखत म्हणाले, "असन ना बाई. तिकडं नाल्याच्या अंगानं असन. सर म्हनतेत तं असन."

सगळ्यांनी माना हलवल्या. परतताना चापले सर खुशीत होते. "बाई, गावाने मान्य केलं. आता तुमची हरकत नको." बाई चिडल्या, त्यांना निर्लज्ज म्हणाल्या, आणि आम्ही सगळेच चापल्यांच्या निर्लज्जपणावर पुढे कितीतरी महिने हसलो. पेपर एका परिसंवादाच्या जाडजूड ग्रंथात छापून आला आणि बढती झाली. त्या दिवशी गावाने खरं काय सांगितलं, इकडे आमच्यापैकी कुणाचं लक्षच गेलं नाही.

बाईंचा स्वतःचा प्रबंध हा आमच्या कॉलेजातला एक जुना विषय होता. तलावावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांवर त्या काम करत होत्या. गावोगावचे मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातले तलाव, त्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या जाळं टाकणारी घरं, आणि आता त्या घरांतली तरुण पोरं तलाव सोडून का चालली, हा त्यांचा प्रश्न. दुसऱ्यांचे पेपर कापण्यात शनिवार जायचे, रविवारी यजमान यायचे, आणि बाईंचा प्रबंध मागे पडायचा. विद्यापीठाकडून मुदतवाढ घेऊन घेऊन ती संपत आली.

त्याच सुमारास आमचे प्राचार्य निवृत्त होणार होते. ज्येष्ठतेने जागा बाईंची होती. अडचण एकच, डॉक्टरेट नव्हती. आम्ही सगळे हात धुऊन त्यांच्या मागे लागलो. मी टंकलेखन तपासलं, मराठीच्या सरांनी शुद्धलेखन पाहिलं, चापले सरांनी संदर्भसूची वर्णानुक्रमे लावून दिली आणि तीही मनापासून. बाई प्राचार्य झाल्या असत्या तर शनिवारचा वर्ग खोलीतून सभागृहात आला असता, बुंदीच्या परिसंवादांना आळा बसला असता. त्यांना स्वतःलाही ते पद हवं होतं. एकदा प्राचार्यांच्या रिकाम्या दालनात डोकावून त्या मला म्हणाल्या होत्या, "राऊतभाऊ, ही अलमारी इथून हालवाले पायजे. उजेड अडवून राह्यली." इच्छा असल्याशिवाय माणूस दुसऱ्याच्या कपाटाची जागा ठरवत नाही.

प्रबंध पूर्ण झाला. मुद्रणाला टाकायचा एवढंच उरलं. पण नियम म्हणजे नियम. बाई म्हणाल्या, शेवटचं प्रकरण गावात वाचायचं. मी म्हटलं, "बाई, आता राहू द्या, पास झाल्यावर वाचा." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने गाडीची किल्ली घेतली, आणि गाडी सुरू होईना म्हणून शेवटी दोघंही एसटीने गेलो.

गाव तलावाच्या पाळीला लागूनच. समाजमंदिरात सतरंजी घातलेली. बाईंनी बोलीत करत करत वाचलं. सार असं, की शिक्षण आलं, पोरं शाळेत गेली, शिकल्या पोराला चिखलात उतरायची लाज वाटू लागली, म्हणून मासेमारी सुटली. लिहिलेलं नेटकं होतं. ऐकताना मलाही पटलं.

"बराबर हाये बाई," एकजण म्हणाला.

"शिक्षनानंच झालं," दुसरा म्हणाला.

सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंना शाल, नारळ दिला. बाईंचा चेहरा फुलला होता. मलाही भरून आलं. वाटलं, झालं एकदाचं.

परतीच्या एसटीला वेळ होता. स्टॉपलगतच्या घराच्या ओसरीवर यशोदाबाई नावाची एक बाई झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसली होती. मघा सभेत ती मागच्या रांगेत होती. बाई तिच्याजवळ टेकल्या आणि निवडू लागल्या. बोलता बोलता बाईंनी विचारलं, "यशोदा, तुहा पोरगा किती शिकला व?"

"चवथी."

"अना आता?"

"तेलंगनात मिरची तोडाले गेला."

बाईंचे हात थांबले. "तं शिक्षनानं तलाव सोडला असं मी म्हनलं, तवा तू मान काऊन हालवली?"

यशोदाबाई हसली. त्या हसण्यात चेष्टा नव्हती, संकोच होता. "तुमी मास्तरीन बाई. इतक्या लांबून आले, उनातानाचे. शिक्षनानं झालं म्हनता तं नाई कसं म्हनाव? तुमाले वाईट वाटते ना."

"मंग खरं कायनं झालं?"

"मले काय मालूम बाई. माह्या पोरानं तं कई सांगतलंच नाई. अना दुसऱ्याच्या घरचं म्या कसं सांगू?"

एसटी आली. बाई खिडकीशी बसल्या. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "राऊतभाऊ, द्राक्षं."

एवढंच. मला आधी कळलं नाही, मग पिंपळाखालचे ते म्हातारेबुवा आठवले.

पुढचे काही दिवस मी बाईंशी भांडलो. खरंच भांडलो. म्हटलं, एका बाईने एक सांगितलं म्हणून सगळा प्रबंध खोटा ठरत नाही. शेकडो लोकांनी हो म्हटलं आहे. बाई म्हणाल्या, "थेच तं. शेकडो लोकायनं हो म्हनलं. नाई म्हननारा एक बी कसा नाई भेटला मले? म्या प्रश्नच असा पुसला असन का उत्तर त्यातच हाये." मी म्हटलं, प्रस्तावनेत एक मर्यादा म्हणून लिहून टाका, सगळे तसंच करतात. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "म्या लोकायचं आयुष्यभर कापलं, भाऊ. माहं आलं तं कात्री बोथट झाली म्हनू?"

यजमान बल्लारपूरहून खास रजा टाकून आले. त्यांनी एकदाच विचारलं, "पक्कं का?" बाई हो म्हणाल्या. ते म्हणाले, "मंग चहा ठेव." मला ह्या घराचा त्या दिवशी इतका राग आला की मी चहा न घेताच निघालो. विद्यापीठाकडे आणखी मुदत मागितली, ती मिळाली नाही. नोंदणी रद्द झाली.

प्राचार्य झाले चापले सर. द्राक्षांच्या पेपराचे गुण त्यांच्या अर्जात व्यवस्थित मोजले गेले होते.

चापले सरांबद्दल मी वाईट लिहिणार नाही. प्राचार्य म्हणून ते चांगले निघाले. नळाला पाणी आणलं, मुलींच्या वसतिगृहाची भिंत उंच केली, कुणाच्या पगाराचं काम अडवलं नाही. आणि बाईंसमोर ते खुर्चीत बसत नसत. बाईंच्या निरोपाचा कार्यक्रम त्यांनीच थाटात ठेवला. मंचामागे मोठा बॅनर लावला होता, आणि त्यावर झोकात लिहिलं होतं, 'आदरणीय डॉ. कुसुम निकुरे यांचा सेवागौरव'. छापणाऱ्याने आमच्या कॉलेजच्या सवयीने 'डॉ.' घातला असावा, किंवा चापले सरांनी प्रेमाने घालायला सांगितला असावा. खरं काय ते मला माहीत नाही. बाई मंचावर आल्या, वर पाहिलं आणि जिना उतरून खाली येऊन बसल्या. पाहुणे ताटकळले. शेवटी शिपायाने स्टुलावर चढून त्या 'डॉ.'वर पांढरा कागद चिकटवला, तेव्हा कार्यक्रम सुरू झाला. भाषणात चापले सरांनी बाईंना आमच्या भागातल्या संशोधनाची जननी म्हटलं. बाईंनी पहिल्या रांगेतून विचारलं, "हे कोनं पायलं?" सभागृह हसलं, आणि चापले सर सगळ्यांत जास्त हसले.

त्यानंतर बाई दिसेनाशा झाल्या. कुणी म्हणालं बल्लारपूरला गेल्या, कुणी म्हणालं तलावाच्या गावात खोली करून राहतात. त्यांची गाठ पडली ती गेल्या पावसाळ्यानंतर, गडचिरोलीला.

माझ्या एका विद्यार्थिनीची विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे मुलाखत होती, म्हणून मी गेलो होतो. नव्या प्रबंधाचा विषय इथे मांडायचा, समितीने मंजूर केला तर नोंदणी होते. व्हरांड्यात पंचविशीतली पोरं-पोरी फायली छातीशी धरून बसली होती. त्यांच्यात, भिंतीला टेकून, निकुरे बाई. माझी विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, कोणाची तरी आई आहे वाटते." मी काही बोलायच्या आत आतून नाव पुकारलं आणि बाई उठल्या. प्रवेश परीक्षा देऊन, पास होऊन, रीतसर नव्याने आल्या होत्या. नंतर लगेच आमचाच क्रमांक असल्याने मला दारातच उभं राहायला मिळालं.

समितीचे अध्यक्ष चापले सर होते. बाकीच्या सदस्यांत शनिवारच्या वर्गातले दोघे तरी मला ओळखू आले. बाई आत जाताच सगळी समिती उभी राहिली. बाई म्हणाल्या, "बसा. इथी तुमी परीक्षक हाये."

चापले सर बसले. हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्हाला आम्ही काय विचारणार? विषय मंजूर. तुम्ही या, चहा घेऊ."

"वाचला का?"

"बाई, तुमचं लिखाण आम्ही वाचायचं?"

"मंग काय पाहून मंजूर केला?"

बाई जागच्या हलल्या नाहीत. समोर खुर्ची होती तरी उभ्याच राहिल्या. "म्या बाहीर तासभर बसली. त्या पोरायले जसं पुसता तसं मले पुसा. नाईतं नामंजूर करा. पन असं नोको."

चापले सरांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी पुढ्यातला आराखडा ओढला, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही आपापल्या प्रती उघडल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांना कागद असा वाचताना कधी पाहिलं नव्हतं. मधे एक पान मागे उलटून पुन्हा वाचलं. व्हरांड्यातली पोरं कुजबुजायला लागली, बाई मात्र हात पाठीशी बांधून उभ्या होत्या, आणि मला तिथून दिसत होतं की त्यांची बोटं एकमेकांत घट्ट आवळलेली होती.

बऱ्याच वेळाने चापले सरांनी मान वर केली. म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिता की लोक शिकलेल्या माणसाला बरं वाटेल तेच सांगतात, हाच अभ्यासाचा विषय. पण मग एक सांगा. उद्या तुम्ही हेच विचारायला गावात जाल, तेव्हाही ते तुम्हाला बरं वाटेल तेच सांगतील. खरं सांगितलं हे तुम्हाला कळणार कसं?"

बाईंना कुणी असा प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग पाठीशी आवळलेली त्यांची बोटं सुटली, आणि आवाज आला तो अगदी खुललेला.

"हे मले माहीत नाई, सर," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून समितीपुढे बसल्या.